मळीच्या टाकीला दोन ठोके

आधी एक सांगते. आमच्या घराचं दार कुणी दोनदा वाजवत नाही.

एकदा वाजवतात. नाहीतर तीनदा. दूधवाला, पोस्टमन, नातवंडांचे मित्र... सगळ्यांना माहीत आहे. म्हातारीचं खूळ म्हणून हसतात. हसू देत.

भुताच्या गोष्टींच्या या पानावर तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. पिंपळ, विहीर, अमावास्या. माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्याकडे रात्रसुद्धा नाही. जे झालं ते दिवसा झालं, लख्ख उन्हात, माणसांच्या वावरात. १९४३ पासून १९४९ पर्यंत. नगरकडच्या बेलापूरच्या बाजूचा एक साखर कारखाना. नाव लिहीत नाही.

माझे अब्बा, अलीम, तिथे ड्राफ्ट्समन होते. नकाशे काढायचे, लोखंडाची गणितं करायचे. गणितात बसत नाही ते बोलायचे नाहीत.

म्हणून त्यांनी ही गोष्ट फार उशिरा सांगितली.

शेवटचं जे झालं, ते मात्र मी स्वतः ऐकलंय.


काटा वर

मळी म्हणजे उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर उरतं ते. काळं, दाट, चिकट. ती साठवायला कारखान्यामागे लोखंडी टाकी होती. गोल. दोन मजली घराएवढी उंच. पत्र्याच्या कड्या एकावर एक चढवून रिबिटांनी, म्हणजे दोन्हीकडून ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांनी, सांधलेली.

टाकीच्या आत एक तरंगता डबा. डब्याला तार. तार वरच्या कप्पीवरून बाहेर येते, आणि बाहेर तिच्या टोकाला, एका उभ्या फळीसमोर, काटा लोंबतो.

आत मळी चढली, की बाहेर काटा उतरतो.

उलटं आहे. लक्षात ठेवा.

काटा वर, टाकी रिकामी. काटा खाली... टाकी भरलेली.

१९४३ च्या उन्हाळ्यात काटा अगदी वर होता. गळीत संपलं होतं. तळाच्या कडीतली काही रिबिटं पाझरत होती, ती बदलायचं काम चाललं होतं. त्याला दोन माणसं लागतात.

बाहेर चांदभाई. हातोडा त्याचा.

आत भिमाजी. त्याच्याकडे जड लोखंडी ठोकळा.

आतल्याने लाल तापलेलं रिबीट भोकात घालायचं, त्याच्या डोक्यावर ठोकळा दाबायचा आणि खांदा लावून धरून ठेवायचं. बाहेरच्याने दुसरं टोक ठोकून बसवायचं. दोघांच्या मधे लोखंडाची भिंत. तोंड दिसत नाही. त्या दणदणाटात हाक पोचत नाही.

म्हणून ठोक्यांची बोली.

आतून एक ठोका... *धरलंय.*

बाहेरून दोन ठोके... *झालं. सोड.*

दोन ठोके येईपर्यंत आतला माणूस सोडत नाही. हात भाजो, खांदा जावो. मधेच सोडलं तर रिबीट ढिलं बसतं आणि बाहेरच्याचा हातोडा त्याच्याच गुडघ्यावर येतो. हा त्या लोकांचा नेम होता. नमाज चुकेल, जेवण चुकेल, पण दोन ठोक्यांशिवाय हात सुटणार नाही.

"आमचा जोडा नवरा-बायकोवानी हाय," चांदभाई म्हणायचा. "मधी भित. त्यानं धरायचं, मी ठोकायचं."

"आन् नाव ठोकणाराचं व्हतं," भिमाजी आतून काळा होऊन बाहेर येत म्हणायचा. "खांदा कुनाचा गेला, कुनी इचारत न्हाई."

त्या दिवशी एक रिबीट बसत आलं होतं. शेवटचा घाव पडला. इतक्यात भट्टीकडून आरडाओरडा. चाचणीसाठी वाफ सोडलेला नळ फुटला होता. मॅनेजरसाहेब ओरडत आले, "चांदभाई, धाव!"

चांदभाई हातोडा घेऊन तसाच धावला.

रिबीट बसलं होतं. फक्त दोन ठोके राहिले होते.

तळाशी उरलेली मळी आंबली, की तिची जड हवा तिथेच साठते. दिसत नाही. वास गोड येतो. माणूस झोप लागल्यासारखा जातो.

बाहेर यायचं भोक भिमाजीपासून हाकेच्या अंतरावर होतं. तो तिकडे वळलासुद्धा नव्हता.

तो उभा सापडला.

खांदा ठोकळ्याला. ठोकळा भिंतीला.

बोटं सोडवायला दोन माणसं लागली.


काटा मधे

पुढचं गळीत सुरू झालं. युद्धाचे दिवस. रेल्वेच्या वॅगन पलटणीच्या मालाला जुंपलेल्या, मळी न्यायला मिळेनात. मळी तर रोज निघते. ती टाकीतच चढत राहिली.

साहेबांनी अब्बांना सांगितलं, टाकी काठोकाठ भरायची आहे, तेवढं गणित करून टाक.

अब्बांनी जुना नकाशा उघडला आणि त्यांना पहिल्यांदा कळलं. ही टाकी मळीसाठी बांधलेलीच नव्हती. मुंबईच्या बंदरावर रॉकेल साठवायची टाकी. सुटी करून, गाड्यांवर लादून, इथे आणून पुन्हा जोडलेली.

रॉकेल पाण्यावर तरंगतं. मळी पाण्यात बुडते. तेवढ्याच उंचीला मळीचा जोर रॉकेलच्या दुपटीला टेकतो.

चांदभाईने विचारलं, "पन जोर तळाला ना, मियाँ? भितीला काय त्याचं?"

"साहेबांचं पोट बघितलंस?"

"तेच तर दिसतं पयलं."

"पोटाला पट्टा काचतो ना? टाकीला भिंत म्हणजे पट्टा. आतलं सगळं बाहेर रेटतं, आणि पत्रा गोल ताणला जातो. जितकं खोल, तितका ताण जास्त. तळाच्या कडीला सगळ्यात जास्त."

"आन् पट्टा तुटतो कुठं?"

"तूच सांग."

चांदभाई हसता हसता थांबला.

"भोकापाशी," तो म्हणाला.

रिबिटं भोकांतच असतात.

अब्बांनी मला ते गणित एकदा पाटीवर लिहून दाखवलं होतं.

मळीचा भार × खोली × टाकीचा अर्धा व्यास... ही ओढ.

ओढ ÷ पत्र्याची जाडी... हा ताण.

जाडीतून भोकं वजा करा. पुन्हा मांडा.

उत्तर आलं, की टाकी काठोकाठ सोडाच, पाऊणसुद्धा भरता येत नाही.

अब्बांनी मग उलटं गणित केलं. ही भिंत किती पेलेल? तेवढ्या उंचीला काट्याच्या फळीवर त्यांनी पांढऱ्या रंगाची रेघ मारली.

काटा या रेघेखाली उतरता कामा नये.


काटा रेघेखाली

उतरला.

कारखाना एरवी थांबत नाही. गळितात रात्रंदिवस धडधड. फक्त मधून मधून सफाईसाठी यंत्रं बंद करतात. तेव्हा अशी शांतता पडते की कानात दडे बसल्यासारखं वाटतं.

अशाच सफाईच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, अब्बा टाकीपाशी गेले. पौषातलं ऊन. टाकीला लागून ऊसवाल्या गाडीवानांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या. मळी गरम असताना टाकीत पडते, म्हणून भिंत कोमट राहते. थंडीत गाडीवान आपल्या कोप्या टाकीला पाठ लावूनच बांधायचे.

अब्बांनी काट्याकडे पाहिलं.

काटा रेघेच्या खाली होता. थोडाथोडका नाही... हातभर खाली.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत उभी होती. सांधा कोरडा. एक थेंब नाही.

हे होऊ शकत नाही, त्यांना वाटलं. पट्टा तुटायला हवा होता.

चांदभाई तळाच्या कडीवरून हलका हातोडा मारत चालला होता. रिबिटं ढिली झालीत का, ते आवाजावरून कळतं. ठक... पुढे. ठक... पुढे. भरलेली टाकी घुमत नाही, मुकी बोलते.

एका सांध्यापाशी त्याने मारला.

ठक.

...

आतून आला. एक.

*ठक.*

चांदभाईचा हात हवेत राहिला.

"पत्रा आखडतो," अब्बा लगेच म्हणाले. "थंडी आहे. लोखंड आखडलं की वाजतं."

चांदभाई पुढच्या सांध्याकडे गेला. मारला. काही नाही. त्याच्या पुढे. काही नाही. तो परत आला. त्याच जागी मारला.

*ठक.*

"मियाँ," चांदभाई म्हणाला. "ही जागा वळखा."

अब्बांनी ओळखली होती.

"त्यो म्हनतोय... धरलंय."

एवढ्यात छबूबाई आली. भिमाजीची बायको. नवरा गेल्यावर ती कारखान्यात भुस्सा वाहायला लागली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि भिंतीला कान लावला.

"वाजवा की," ती म्हणाली.

चांदभाईने वाजवलं. आतून आलं.

"त्येच हायेत. खांदा लावून मारत्यात, म्हनून आवाज दबका येतो. घरात खुंटी ठोकायची तरी तसंच." ती रडत नव्हती. भिंतीवरून हात फिरवत होती. "उन्हाळ्यापास्न उभं हायेत व्हय हो? मग दोन मारा ना, चांदभाई. सोडा त्येन्ला. दमलं असतील."

चांदभाईच्या डोळ्यांतून धार लागली होती. तेच दोन ठोके. उन्हाळ्यापासून त्याच्या हातात राहून गेलेले. त्याने हातोडा उचलला.

आणि अब्बांनी त्याचं मनगट धरलं.

अब्बा म्हणायचे, मला भुताची भीती वाटली नाही. त्या क्षणी माझं गणित जुळलं, त्याची भीती वाटली.

भिंत फाटायला हवी होती. फाटली नव्हती. कारण ती कुणीतरी धरली होती. आणि दोन ठोक्यांचा अर्थ होता, सोड.

भिंतीला टेकून शेवगावकडची बनुबाई बसली होती, पाय पसरून. मांडीवर तान्हं. ती त्याला तेल चोळत होती.

"आता नाही," अब्बा म्हणाले. "मळी उतरू दे. काटा रेघेच्या वर जाऊ दे. मग सोडू."

"तवर?" छबूबाईने विचारलं.

अब्बा गणिताचा कागद घ्यायला वळले.

ते साहेबांकडे गेले. साहेबांनी कागद पाहिला, खिडकीतून टाकी पाहिली.

"टाकी उभी आहे ना?"

"आहे, साहेब."

"तुझ्या गणिताप्रमाणे ती फाटायला हवी होती."

"हो, साहेब."

"मग तुझं गणित चुकलंय."

काय सांगणार? कागदावर कुठे लिहिणार, की आत एक माणूस आहे?

ते बनुबाईकडे गेले. गणित सांगितलं, तिने जांभई दिली. मग अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा भुताचा धाक घातला. म्हणाले, आत भिमाजी आहे, आतून ठोकतो, इथून कोप्या हलवा.

"कोन भिमाजी? शेवगावचा?" बनुबाई म्हणाली. "अवो, त्यो तर आमच्या गावचा. आपला मानूस पाठीशी हाय म्हंजे बरंच की! आन् लांब जाऊन ह्यो पोरगा गारठला तर तुमी यनार का कुशीत घ्याया?"

बायका फिदीफिदी हसल्या.

अब्बा परत फिरले. मागून, त्या हसण्याखालून...

*ठक.*


काटा पुन्हा वर

सगळं गळीत तो तसाच उभा होता.

प्रत्येक सफाईला छबूबाई यायची. भिंतीपाशी बसायची. गावाकडच्या गोष्टी सांगायची. शेळी व्याली. मेव्हण्याने बांध रेटला. "थोडं धरा. काटा चढाया लागलाय म्हनं." वॅगन मिळायला लागल्या होत्या. मळी उतरत होती.

कोप्या उठल्या. बनुबाई पोराला घेऊन गाडीत बसून गेली. काटा रेघेच्या पार वर चढला.

तिघेच होते त्या सकाळी. अब्बा, चांदभाई, छबूबाई.

चांदभाईने भिंतीला कपाळ टेकवलं. मग मागे सरकून मारले.

ठक. ठक.

शांतता.

मग आत काहीतरी जड... हळूच खाली ठेवल्याचा आवाज आला. दमलेला माणूस ओझं ठेवतो तसा.

चांदभाईने एक मारला. उत्तर नाही. पुन्हा मारला. नाही.

छबूबाईने पदराने ती जागा पुसली. त्याच दिवशी ती शेवगावला निघून गेली.

गोष्ट इथे संपायला हवी होती.


काटा पुन्हा रेघेखाली

पुढचं गळीत. साहेबांचा हुकूम आला, टाकी गेल्या वर्षीइतकी भरा. गेल्या वर्षी काही झालं नाही ना?

अब्बांनी तळाच्या कडीवर बाहेरून जाड पट्टी मारायला मागितली. लोखंड नव्हतं. सगळं लोखंड युद्धावर. अब्बांनी सही करायचं नाकारलं. सही दुसऱ्याने केली.

काटा उतरत गेला.

रेघेपाशी आला.

रेघेखाली गेला.

कोप्या तिथेच, टाकीला पाठ लावून. बनुबाईसुद्धा. पोरगं आता भिंतीला धरून उभं राहत होतं.

सफाईचा दिवस आला. यंत्रं थांबली. ती शांतता पडली.

अब्बा आणि चांदभाई त्याच सांध्यापाशी उभे राहिले. चांदभाईने मारला.

ठक.

...

...

काही नाही.

तुम्हाला वाटत असेल, आवाज आला की माणूस घाबरतो. अब्बा म्हणायचे, त्या दिवशी मी अल्लाकडे तो आवाज मागितला. एक ठोका. फक्त एक.

काही नाही.

मग एका रिबिटाच्या कडेने काळा थेंब आला. मोठा झाला. लांबला. त्याच्या खालच्या रिबिटाला दुसरा. सांध्याच्या रेषेत, एकाखाली एक, थेंबांची माळ लागली.

आणि आत कुठेतरी लोखंड बोललं.

कर्र...

"सोडून दिलंय त्याला आपन," चांदभाई हळूच म्हणाला.

"लोकांना हलव! चल!"

"तुमी हलवा, मियाँ." त्याने तळवा भिंतीवर ठेवला होता. "मी बगतो."

"काय बघतोस?"

"धरायला मानूस नगं?"

त्याच्या बोलण्याचा अर्थ लावत बसायला वेळ नव्हता. अब्बा कोप्यांकडे धावले. ओरडले. कुणी उठेना. "आला, भूतवाला सायब आला!" शेवटी त्यांनी बनुबाईच्या कोपीचा खांब उपटला, पाचट खाली आलं.

"मुडद्या!" बनुबाई किंचाळली. "तुझं घर मोडलं तर चालंल का? पोरगं हाय आत!"

अब्बांनी पोराला काखेत मारलं आणि पळत सुटले. मागे ती शिव्या देत, तिच्यामागे बाकीचे दगड घेऊन. तेच हवं होतं. सगळे चढावर आले तेव्हा अब्बांनी वळून पाहिलं.

कर्र...

कर्र...

मग ते थांबलं.

चढावरून सगळं दिसत होतं. टाकी, तिची शिडी, पडलेली कोपी. चांदभाई कुठेच नव्हता.

अब्बांनी पोरगं बनुबाईकडे दिलं. खाली गेले. सांधा पाहिला. थेंब जिथल्या तिथे थिजले होते. नवा येत नव्हता. भिंत गप्प होती.

शिडीच्या पायाशी चांदभाईचा हातोडा पडला होता.

अब्बांनी तो उचलला. भिंतीला एकदा टेकवला, तेवढ्यानेच वाजलं.

*ठक.*

आतून.

दबका नव्हता तो. खांदा लावून मारलेला नव्हता. खणखणीत होता. हातोडा मारायची सवय असलेल्या हाताचा.

अब्बा शिडी चढून वर गेले. टाकीच्या डोक्यावरचं झाकण बंद होतं. बाहेरून. बोल्टांवर जुना गंज तसाच... कुणी बोटही लावलेलं नव्हतं.


काटा, पुढे

साहेब म्हणाले, पळाला असेल. पलटणीत मिस्त्री लोकांना चांगला पगार आहे.

"अंगावरच्या कपड्यांनिशी?" चांदभाईची बायको मेहताब विचारायची. "चपला दारात टाकून?"

मळी उतरली तेव्हा टाकी उघडली. आत काही नव्हतं. हाड नाही, कापड नाही, काही नाही.

ठोक्याचं अब्बांनी फक्त मेहताबला सांगितलं होतं. ती अब्बांकडे आली. "भाईजान, काटा वर आहे. आता दोन ठोके मारा. सोडा त्यांना."

आणि अब्बांनी मारले नाहीत.

कारण पुढच्या वर्षी टाकी पुन्हा भरणार होती. तेवढीच. टाकी उभी आहे ना? आणि चांदभाईला सोडलं, तर पुढच्या वर्षी कोण? कोपीतलं कोण? की आत जायला पुन्हा एखादा...

ती दरवर्षी आली. अब्बा दरवर्षी खाली मान घालून उभे राहिले. अब्बांना दुसरीकडे नोकऱ्या आल्या, घेतल्या नाहीत. दरवर्षी पट्टीसाठी अर्ज. दरवर्षी नकार. युद्ध संपलं, राज्य बदललं, साहेब बदलले. टाकी उभीच होती. प्रत्येक सफाईला अब्बा तिथे जायचे, एक ठोका मारायचे, आतला एक ऐकायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

घरात तेव्हापासून दोनदा काही वाजवायचं नाही. भांडं पडून दोनदा आपटलं तरी अब्बा उठून उभे राहायचे.

१९४८ च्या दिवाळीनंतर ते अंथरुणाला खिळले. छाती भरलेली. एका दुपारी मला जवळ बोलावून हे सगळं सांगितलं. मी सतरा वर्षांची होते. शेवटी म्हणाले,

"पत्रा झिजलाय. आतून गंजलाय, पूर्वीइतका जाड राहिला नाही. ताण वाढला."

मी म्हटलं, "अब्बा, आता गणित नको."

"यंदा चांदभाईला एकट्याला जमणार नाही," ते म्हणाले.

गळीत भरात यायच्या आधी ते गेले. त्यांना आम्ही नगरला नेलं. माझ्या भावांनी स्वतःच्या हातांनी माती दिली.

त्या वर्षी टाकी काठोकाठ भरली होती. काही झालं नाही.


काटा नाही

१९४९ च्या उन्हाळ्यात नवी टाकी बांधली. जुनी कापायला काढली. काटा, तार, फळी, सगळं आधीच उतरवून नेलं होतं.

मेहताबचाची आमच्या दारात उभी राहिली. हातात चांदभाईचा हातोडा.

"तुझ्या अब्बांनी सोडलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. पण आता भरायचीच नाही ना ती? तू चल."

आम्ही दोघीच गेलो. सकाळ होती. कापणारे अजून यायचे होते. रिकामी टाकी उन्हात तापत होती, तिला जुन्या मळीचा आंबूस वास येत होता.

चाचीने मला तो सांधा दाखवला. मग हातोडा माझ्या हातात दिला.

मी मारले.

ठक. ठक.

टाकी घुमली. घुमणं विरलं.

आणि आत... काहीतरी जड... हळूच खाली ठेवल्याचा आवाज आला.

चाची मटकन खाली बसली. तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. सुटल्यासारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, संपलं. आपण उठू या. घरी जाऊ या.

मी हातोडा खाली ठेवला.

...

तेव्हा आत दुसरा आवाज आला.

तसाच. कुणीतरी ओझं खाली ठेवल्याचा. पण हळू. फार जपून, आधी एक कड टेकवून, मग दुसरी. नकाशाची फळी टेबलावर ठेवताना माझे अब्बा ठेवायचे, तसा.

चाचीने रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मग तिने हातोडा उचलून पदरात गुंडाळला.

मग कापणारे आले. त्यांनी भिंत कापली. आत काही नव्हतं.

याला खूप वर्षं झाली. मी शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले. त्या झिजलेल्या पत्र्याचं गणित मी पुन्हा पुन्हा मांडलंय. उत्तर एकच येतं. ती भिंत त्या शेवटच्या वर्षी उभी राहायलाच नको होती.

लोक सांगतात, आजी, सोडून द्या ते आता.

पण मी अजून कुठेच दोनदा ठोकत नाही. दारावर नाही, भिंतीवर नाही, टेबलावरसुद्धा नाही. धरणाच्या बांधावरून चालताना काठी दोनदा आपटू देत नाही.

पलीकडे कोण, काय धरून उभं असेल... मला काय माहीत.